फेसबुकवर स्पर्धा घेताय? 'शेअर करा, टॅग करा' लिहिण्याआधी हे वाचा

नवरात्रात माहूरला रेणुकामातेच्या दर्शनासाठी मोठी गर्दी होते. समजा, तुमचं तिथं साड्यांचं दुकान आहे आणि तुम्ही पेजवर पोस्ट टाकली: 'कमेंट करा, पोस्ट स्वतःच्या टाइमलाईनवर शेअर करा, ५ मित्रांना टॅग करा आणि साडी जिंका!' अशा पोस्ट आपण नेहमी बघतो. पण यातल्या शेवटच्या दोन अटी फेसबुकच्या नियमात बसत नाहीत. स्पर्धेसाठी लोकांची वैयक्तिक टाइमलाईन आणि मित्रयादी वापरता येत नाही. इन्स्टाग्रामवरही, फोटोत नसलेल्या माणसाला फोटोवर टॅग करायला सांगणं चुकीचं आहे.

मग काय चालतं? पोस्टला लाईक, पोस्टवर कमेंट किंवा पेजला मेसेज. उदाहरणार्थ, 'माहूरगडाचा तुम्ही काढलेला फोटो कमेंटमध्ये टाका, सर्वात चांगल्या फोटोला साडी.'

पोस्टमध्ये हे नक्की लिहा:

१. कोण भाग घेऊ शकतं, शेवटची तारीख, बक्षीस आणि विजेता कसा निवडणार.
२. 'ही स्पर्धा आमची आहे, फेसबुकचा तिच्याशी संबंध नाही आणि सहभागी होणारे फेसबुकला कशासाठीही जबाबदार धरणार नाहीत.'

निकालही त्याच पेजवर जाहीर करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्री वाढवण्यासाठीच्या स्पर्धा आणि सोडतींवर बंधनं आहेत, आणि निकाल लपवणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यामुळे बक्षीस मोठं असेल तर आधी वकिलाला विचारा.

नियम मोडला तर पोस्ट काढली जाऊ शकते, पेजवर बंधनं येऊ शकतात. ऐन नवरात्रात पेज बंद पडलं, तर साडीपेक्षा ते महागात पडेल.