ए, बी आणि दुपारचे तीन

तामिळनाडू विधानसभेच्या २३४ मतदारसंघांची यादी काढली की पहिल्या क्रमांकावर गुम्मिडिपूंडी दिसतं. २००८च्या फेररचनेआधी हा मान चेन्नईतल्या रॉयपुरमचा होता. आता तो आंध्रच्या वेशीवरच्या या गावाकडे आहे. चेन्नईहून उत्तरेला जाणाऱ्या बऱ्याच लोकल इथंच संपतात. बाजूला सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे आणि कानावर तमिळइतकीच तेलुगूही पडते. पक्ष उमेदवार ठरवतो कसा, ते एका मतदारसंघातून दाखवा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी यादीतला पहिलाच मतदारसंघ उचलला. निवडीमागे याहून खोल विचार नव्हता, पण निवड बरी निघाली.

इथला इतिहास थोडक्यात असा. २००१ साली निवडून आलेले अण्णाद्रमुकचे आमदार के. सुदर्शनम यांचा जानेवारी २००५ मध्ये उत्तरेतून आलेल्या बावरिया दरोडेखोरांनी घरात घुसून खून केला. पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव के. एस. विजयकुमार निवडून आले. २०११ला अण्णाद्रमुकने ही जागा विजयकांत यांच्या डीएमडीकेला सोडली आणि सी. एच. शेकर आमदार झाले. २०१६ला विजयकुमार परत आले. २०२१ला आमदार हाती असतानाही अण्णाद्रमुकने जागा पाट्टाळी मक्कळ कट्चीला दिली, आणि द्रमुकचे टी. जे. गोविंदराजन पन्नास हजारांहून अधिक मतांनी जिंकले. म्हणजे २०११ ते २०२१च्या तीन सार्वत्रिक निवडणुकांपैकी दोनदा इथल्या अण्णाद्रमुकच्या कार्यकर्त्याला स्वतःच्या पक्षाचं दोन पानांचं चिन्ह मतदानयंत्रावर दिसलंच नाही. जागा गेली ती चेन्नईत झालेल्या वाटपात. गावाला कोणी विचारलं नव्हतं.

आणि तरीही विचारण्याचा सोहळा मोठा असतो. निवडणूक आली की दोन्ही द्रविड पक्ष इच्छुकांचे अर्ज मागवतात. त्याला तिथे विरुप्प मनू म्हणतात. अर्जासोबत पैसे भरायचे असतात. २०२१ला द्रमुकची फी खुल्या जागेसाठी २५ हजार रुपये होती, अण्णाद्रमुकची १५ हजार. मग मुलाखती. द्रमुकच्या अण्णा अरिवालयम या मुख्यालयात त्या काही दिवस चालल्या. अण्णाद्रमुकने ४ मार्च २०२१ या एकाच दिवशी आठ हजारांहून अधिक इच्छुकांना जिल्ह्याजिल्ह्याच्या गटांनी बोलावून काम उरकलं. आठ हजार माणसांना एका दिवसात काय विचारता येतं? हात जोडून ‘जो उमेदवार देऊ त्याचं काम करा’ एवढं सांगता येतं. अमेरिकेत आयोवासारख्या राज्यात पक्षाचे साधे मतदार शाळेत नाहीतर चर्चच्या सभागृहात जमून आपला कौल नोंदवत आले आहेत. आपल्याकडे कौल वरून खाली येतो, आणि येतो तो दोन कागदांवर.

मला खिळवून ठेवलं ते या दोन कागदांनी. महाराष्ट्रात त्यांना सगळे एबी फॉर्म म्हणतात. १९६८च्या निवडणूक चिन्ह आदेशातून ते जन्मले. ए फॉर्ममध्ये पक्षाचा अध्यक्ष किंवा सचिव कळवतो की आमच्या वतीने उमेदवार जाहीर करायचा अधिकार अमुक माणसाला आहे. खाली त्या माणसाच्या सहीचे तीन नमुने असतात. बी फॉर्मवर तोच माणूस उमेदवाराचं नाव लिहितो आणि शेजारच्या रकान्यात पर्यायी उमेदवाराचं, म्हणजे आपल्या भाषेतल्या डमीचं. मुख्य अर्ज छाननीत बाद झाला किंवा माघार घेतली गेली तर डमी पुढे सरकतो. तळाच्या टिपा तर मला फार आवडल्या. सही शाईचीच हवी, रबरी शिक्का चालणार नाही, फॅक्सने आलेला कागद चालणार नाही, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो पोचला पाहिजे.

बाकी कागदपत्रं आपापल्या जागी कडक आहेतच. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात. डिसेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या आर. के. नगरमध्ये अभिनेता विशालचा अपक्ष अर्ज याच दहांपैकी दोघांनी ‘ही सही आमची नाही’ म्हटल्याने बाद झाला. विधानसभेसाठी अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवाराबरोबर फक्त चौघे. या चौघांत वकील आघाडीचा एक कार्यकर्ता असतोच. त्याच्या गळ्यात हार नसतो, फोटोत तो कडेला असतो. प्रतिज्ञापत्राचा एकेक रकाना बोट ठेवून वाचणं हे त्याचं काम, कारण २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोरा रकाना महागात पडू शकतो. काही नसेल तर ‘नाही’ असंच लिहावं लागतं. उमेदवार बाहेर घोषणा ऐकत असतो तेव्हा या माणसाचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे असतं. माझ्या मते पक्ष खऱ्या अर्थाने तोच चालवतो.

पण त्याच्याही हातात नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे सही करणारा हात. ऑक्टोबर २०१६ मध्ये तामिळनाडूत तीन मतदारसंघांचे अर्ज भरायचे होते आणि अण्णाद्रमुकच्या सरचिटणीस जयललिता अपोलो रुग्णालयात होत्या. फॉर्मवर सहीऐवजी डाव्या अंगठ्याचा ठसा आला. सोबत सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं की उजव्या हाताला सूज असल्याने सही करता येत नाही, ठसा माझ्यासमोर उमटवला. निवडणूक आयोगाने तो स्वीकारला. पक्ष तिन्ही जागा जिंकला, ५ डिसेंबरला जयललिता गेल्या, आणि मार्च २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यातली तिरुप्परनकुंड्रमची निवडणूक याच ठशापायी रद्द केली. निवडून आलेले ए. के. बोस तोवर हयात नव्हते.

जयललितांनंतर हात दोन झाले. ओ. पनीरसेल्वम समन्वयक, एडप्पाडी पलानीस्वामी सहसमन्वयक, आणि फॉर्मवर दोघांच्या सह्या. २०२२ला दोघांचं फाटलं. त्या जुलैतल्या स्थानिक संस्थांच्या पोटनिवडणुकांत पनीरसेल्वम सही द्यायला तयार होते, पण पलानीस्वामींनी त्यांचं पदच उरलं नाही म्हणून ती नाकारली. परिणाम असा की उमेदवारांना दोन पानांशिवाय लढावं लागलं. मतं मागणाऱ्या गावातल्या माणसाचा यात काय दोष, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत इरोड पूर्वची पोटनिवडणूक आली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने तात्पुरता तोडगा काढला. पक्षाच्या सर्वसाधारण परिषदेने मत द्यावं आणि परिषदेचे अध्यक्ष तमिळमगन हुसेन यांनी ते आयोगाला कळवावं. मग तीन दिवसांत राज्यभरातून सदस्यांची जवळपास अडीच हजार प्रतिज्ञापत्रं गोळा झाली आणि के. एस. तेन्नरसू यांना चिन्ह मिळालं. या सगळ्या हकिकतीत सदस्यांना कागदावर मत विचारलं गेल्याचा प्रसंग हा एकच, तोही कोर्टाच्या हुकमाने. आणि नावही एकच होतं.

हे वाचून आपण तमिळांना हसायचं कारण नाही. २०२३च्या जानेवारीत नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसची उमेदवारी सुधीर तांबे यांना होती. त्यांनी अर्जच भरला नाही आणि त्यांचे चिरंजीव सत्यजीत तांबे अपक्ष म्हणून जिंकले. आलेले एबी फॉर्म भलत्याच मतदारसंघांचे होते, असा आरोप सत्यजीत यांनी नंतर केला. २०२४ला मानखुर्द-शिवाजीनगरमध्ये नवाब मलिकांना राष्ट्रवादीचा फॉर्म मुदत संपायला काही मिनिटं असताना मिळाला. कोल्हापूर उत्तरमध्ये तर काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या क्षणी अंग काढून घेतलं आणि हाताचं चिन्ह त्या मतदारसंघात उरलंच नाही.

हा फॉर्म कोणी भरला, सही कोणाची, शाई कोणती, वेळ काय, हे सगळं कायदा विचारतो. नाव कसं ठरलं, हे मात्र विचारत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ए कलमाखाली पक्षाला घटना दाखल करावी लागते, पण उमेदवार निवडताना सभासदांचं मत घ्या असं त्यात कुठेही नाही. पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घाला, अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ साली १७०व्या अहवालात केली होती. ते प्रकरण अजून कायद्यात आलेलं नाही.