मैत्रीपाशी संपणारे पंचतंत्र

मराठी घरात पंचतंत्र येते ते घासाबरोबर. सिंहाची गोष्ट सुरू झाली की मूल आ करते. पुढे शाळेत त्याच गोष्टीखाली तात्पर्य येते आणि मग पुस्तक धाकट्या भावंडाकडे जाते. या पुस्तकाला फार निराळ्या हेतूने हाताळणारा एक लेखक मात्र आपल्या शेजारच्याच मुलखाशी जोडलेला आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या कर्नाटकातल्या तालुक्यांत आजही मराठी-कानडी एका दमात बोलली जाते. याच पट्ट्यातून राज्य करणाऱ्या चालुक्यांच्या पदरी दुर्गसिंह होता. इ. स. १०३१च्या सुमारास त्याने कन्नडमध्ये पंचतंत्र लिहिले. भारतीय देशी भाषांतला हा पंचतंत्राचा पहिला अवतार मानला जातो.

दुर्गसिंह शाळामास्तर नव्हता. जगदेकमल्ल जयसिंह राजाचा तो सांधिविग्रहिक, म्हणजे तह आणि लढाई ही दोन्ही खाती सांभाळणारा मंत्री. चालुक्यांची गादी तेव्हा मान्यखेटला होती. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले, कागिणा नदीकाठचे मळखेड ते हेच. पुढे सोमेश्वर पहिल्याने ती कल्याणला, म्हणजे बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला हलवली, असे सर्वसाधारणपणे मानतात. जयसिंहाच्या दक्षिणेला राजेंद्र चोळ आणि उत्तरेला माळव्याचा भोज. अशा दरबारात कोणाचा शब्द खरा धरायचा हा रोजचा सवाल, आणि पंचतंत्राचाही मूळ सवाल तोच.

पहिलीच गोष्ट घ्या. तहानलेला पिंगलक सिंह यमुनेवर येतो. तेवढ्यात संजीवक बैलाची डरकाळी ऐकून, पाण्याला तोंड न लावता माघारी फिरतो. भीती वाटली हे तो कोणाला सांगत नाही. पण राजा पाण्याजवळ जाऊन कोरडाच परतला, एवढे दमनक कोल्ह्याने हेरलेले असते. आवाजाचा धनी कोण हे राजाने स्वतः पाहिले असते, तर मधल्या माणसाची गरजच पडली नसती. दमनक आधी दोघांची मैत्री जुळवतो, नंतर एकाचे दुसऱ्याला सांगून ती तोडतो. मुलांच्या आवृत्तीत तो लबाड कोल्हा असतो. मंत्र्याच्या डोळ्यांनी वाचले तर चूक सिंहाचीही दिसते.

दुर्गसिंहाने आधार घेतला तो वसुभागभट्टाच्या परंपरेचा, विष्णुशर्म्याच्या नव्हे. जावा आणि सयामकडच्या तंत्री-कथांतही वसुभागाचे नाव सापडते. या कथांचे मूळ दुर्गसिंह गुणाढ्याच्या बृहत्कथेत सांगतो, आणि गुणाढ्याची आख्यायिका जोडलेली आहे ती आपल्या पैठणच्या सातवाहन दरबाराशी. ग्रंथ गद्यपद्यमिश्रित चंपू आहे. त्यात सुमारे साठ गोष्टी आहेत आणि त्यांतल्या तेरा इतर पंचतंत्रांत आढळत नाहीत.

या परंपरेचे खरे शहाणपण मला दिसते ते प्रकरणांच्या क्रमात. आपल्या ओळखीचे पंचतंत्र मित्रभेदाने सुरू होते आणि अपरीक्षितकारकाने संपते. बाळाला वाचवणाऱ्या मुंगसाचा जीव उतावीळपणापायी जातो, ती गोष्ट तिथलीच. दुर्गसिंहाचा क्रम भेद, परीक्षा, विश्वास, वंचना, मित्रकार्य असा आहे. मुंगूस शेवटावरून थेट दुसऱ्या जागी आले. मित्रांत फूट पडल्याची गोष्ट संपते न संपते तोच ग्रंथ सांगतो, आता आधी खात्री करून घ्या. त्यानंतर कावळे-घुबडांच्या वैरात विश्वास मिळवून केलेला घात, मग माकड-मगरीची फसवणूक. आणि जाळ्यासह उडणारी कबुतरे व जाळे कुरतडणारा उंदीर सर्वांत शेवटी. हा क्रम दुर्गसिंहाला परंपरेतून मिळालेला, पण युद्धखाते सांभाळणाऱ्या माणसाला तो पटला असणार. फसवणुकीचे सगळे प्रकार दाखवून झाल्यावर त्याचे पुस्तक एकमेकांच्या उपयोगी पडणाऱ्यांपाशी थांबते. इथे मैत्री हा भाबडेपणा उरत नाही, कारण वाचक जगाचे वाईट पाहूनच तिच्याजवळ पोचलेला असतो.

याच चालुक्यांच्या कल्याणच्या कानडी दरबारात पुढच्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला गेला. कांडताना ओव्या गाणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांची नोंद त्यात आहे. म्हणजे या मुलखात दोन्ही भाषा एकमेकींच्या कानावर पडत आल्या आहेत. सीमाभागातल्या शिक्षकांनी एकदा दोन्ही क्रम फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि तात्पर्य सांगण्याऐवजी मुलांना विचारावे, तुम्ही कुठली गोष्ट शेवटी ठेवाल आणि का? राजपुत्रांसाठी रचलेल्या पुस्तकाचा मूळ हेतू तात्पर्य पाठ करून साधत नाही. असा निवाडा करायला लावला, तरच तो साधतो.