बटण बसलं, आता गाडीला कळवा!

गाडी : पोर्श ९११, ९९१ पिढी.

करामत : स्पोर्ट एक्झॉस्टच्या सायलेन्सरमधल्या झडपा. मिटल्या की धूर वळसा घेऊन दबक्या आवाजात बाहेर पडतो. उघडल्या की थेट, गुरगुरत.

चालतं कशावर : व्हॅक्यूमवर. त्याची बारीक नळी उपसली, तर झडपा उघड्याच राहतात.

हा एक्झॉस्ट नंतर बसवताना लागतं : स्पोर्ट सायलेन्सर, व्हॅक्यूमच्या नळ्या, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, वायरिंग आणि मधल्या कन्सोलवर दोन नळकांड्यांचं चित्र असलेलं बटण.

कोडिंग : पोर्शच्या ‘पिविस’ टेस्टरने नव्या एक्झॉस्टची नोंद गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये करावी लागते. नाहीतर बटण नुसतं शोभेचं!

खबरदारी : कोडिंग संपेपर्यंत बॅटरीला चार्जर जोडलेला हवा. मध्येच व्होल्टेज घसरलं, तर काम अर्धवट राहू शकतं.