भिंतीमागची तार

भाड्याच्या बिऱ्हाडांत घरमालकानें दिव्यासाठीं ठेवलेल्या जागेंतून वीज घेणें निराळें, आणि भिंत उकरून आंतल्या तारेला आपली तार जोडणें निराळें. दिवा दोन्ही रीतींनीं सारखाच लागतो. फरक कळतो तो मालकानें घरांतील तारा बदलल्या म्हणजे. पहिला दिवा लागत राहतो. दुसरा विझतो, आणि तो कां विझला हें सांगावयास तार जोडणारा इसम तेथें नसतो.

ज्या कुटुंबांत पेढी, दवाखाना अगर लहानसा कारखाना चालतो, तेथील वह्या आतां संगणकांत गेल्या आहेत. व्यवहाराचें हें सॉफ्टवेअर पुष्कळदां भाड्याचेंच असतें. तें आल्यावर चार दिवसांत कुरबूर सुरू होते: "हें बटण वर हवें, ती चौकट नको, अमुक रकाना कारकुनाला दिसूं नये." मागणी वाजवी असते, ती पुरविण्याचे मार्ग मात्र दोन असतात.

मायक्रोसॉफ्टच्या 'डायनॅमिक्स सीआरएम'चें उदाहरण घेऊं. गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारें हें सॉफ्टवेअर ब्राउझरमध्यें उघडतें. म्हणजे त्याचा प्रत्येक फॉर्म हें एक वेब-पान असतें. त्यांत फेरफार करण्यासाठीं कंपनीनें ठराविक आज्ञा दिल्या आहेत. त्या सोडून एखादा हुशार प्रोग्रॅमर थेट पानाच्या रचनेंत हात घालतो, रकाना झांकतो, बटण हलवितो. काम तासाभरांत होतें आणि शाबासकीही मिळते. परंतु पानाची आंतली रचना तशीच राहील, असें वचन कंपनीनें कोणासही दिलेलें नाहीं. उलट, असे फेरफार आपल्या जबाबदारीबाहेरचे आहेत, असें ती स्पष्ट सांगते.

दिलेला मार्ग अमर असतो असेंही नाहीं. 4.0 आवृत्तीच्या आज्ञांच्या जागीं 2011 च्या आवृत्तींत नव्या आज्ञा आल्या, आणि जुन्या पुढें जाणार हें तेव्हांच कळविण्यांत आलें. 2013 च्या आवृत्तींत त्या खरोखरच गेल्या, आणि फॉर्मचें रूपही पालटलें. ज्यांनीं राजमार्ग धरला होता, त्यांस तयारीला अवधि मिळाला. भिंतीमागच्या तारेला अशी नोटीस कोण देणार?

पूर्वीं सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर असे, तेव्हां नवी आवृत्ति केव्हां घ्यावी हें धनी ठरवी. आतां कंपनीच्या यंत्रावरून भाड्यानें मिळणाऱ्या याच सॉफ्टवेअरमध्यें 2019 पासून एप्रिल व ऑक्टोबर असे वर्षांतून दोनदां मोठे बदल येतात. ते कायमचे टाळतां येत नाहींत.

विझलेला दिवा निदान दिसतो. अधिक भय आहे तें न दिसणाऱ्या बिघाडाचें. समजा, एका दवाखान्यांत रुग्णाच्या आजाराचा रकाना दाराशीं बसणाऱ्या नोकराला दिसूं नये म्हणून पडद्यावरून झांकला. माहिती जागच्या जागींच असते. तोच नोकर शोध घेऊन किंवा यादी उतरवून घेऊन ती वाचूं शकतो. आणि पानाची रचना बदलली कीं एके सकाळीं रकाना उघडा पडतो. कोणतीही घंटा वाजत नाहीं. हेंच काम रकान्याला अधिकाराचें कुलूप लावून करतां येतें. 2011 च्या आवृत्तीपासून तशी सोय आहे. मग पडदा कसाही बदलो, अधिकार नसलेल्याला माहिती मिळतच नाहीं.

म्हणून कर्त्या मंडळींनीं काम देतांना प्रथम एवढेंच विचारावें, "ही सोय कंपनीनें दिलेल्या मार्गानें होणार आहे काय?" उत्तर लेखी घ्यावें. झालेल्या प्रत्येक फेरफाराची यादी प्रोग्रॅमरच्या डोक्यांत न ठेवतां आपल्या दप्तरीं ठेवावी. मोठा बदल येण्यापूर्वीं निराळ्या प्रतीवर रोजचीं कामें करून पाहावीं. गुपित राखण्याचें काम पडद्यावर सोंपवूं नये.

आणि दिलेल्या मार्गानें एखादी सोय होतच नसेल, तर ती नसलेली बरी. बटण दोन बोटें खालीं असल्याची संवय आठवड्यांत होते.