विश्लेषण : जॅझ ऐकायला दर वेळी मुंबईच का गाठायची? टेंभी नाक्याजवळ बैठक जमू शकते का?

टेंभी नाका म्हटले की नवरात्रातील देवी, दहीहंडीचे थर आणि ढोल-ताशा आठवतो. याच नाक्यापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात मासुंदा तलाव, गडकरी रंगायतन, टाउन हॉल आणि सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. नाट्यसंगीत, शास्त्रीय गायन, भावगीत यांचा श्रोता इथे पिढ्यान्पिढ्या तयार झाला. मात्र सॅक्सोफोन, चेलो किंवा पूर्ण वाद्यवृंद समोर बसून ऐकायचा, तर ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा रसिक बहुतेक वेळा लोकल पकडून मुंबई गाठतो. युनेस्कोने २०११ मध्ये ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन ठरवला. दर वर्षी त्या दिवशी मुंबईत कार्यक्रम होतात आणि उपनगरांतला श्रोता घड्याळाकडे बघत ते ऐकतो. अशा मैफली घराजवळ व्हायच्या तर नेमके काय लागते?

जॅझची बैठक म्हणजे काय?

तिला 'जॅम सेशन' म्हणतात. तिकीट काढून पाहायच्या कार्यक्रमापेक्षा ती वेगळी असते. पियानो, बास आणि ड्रम वाजवणारे तीन-चार जण ठरलेले असतात. बाकीचे वादक नाव नोंदवतात आणि पाळी आली की सामील होतात. सगळ्यांना माहीत असलेली एक धून आधी वाजवली जाते. ही धून बहुतेकदा ३२ मात्राखंडांची असते, 'ब्लूज' असेल तर १२. मग त्याच स्वरसंगतीच्या आवर्तनांवर एकेक वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. शेवटी सगळे मूळ धुनेवर परततात.

शास्त्रीय मैफल ऐकणाऱ्याला हे परके वाटू नये. बंदिश मांडायची, आवर्तनात राहून विस्तार करायचा आणि मुखडा पकडून समेवर यायचे, हीच शिस्त इथेही आहे. दोन वादक चार-चार खंड आलटून-पालटून वाजवतात, तेव्हा तर सवाल-जवाबच रंगतो. फरक इतकाच, की आपल्याकडे राग कायम राहतो आणि जॅझमध्ये पायाखालची स्वरसंगती सतत बदलत असते. दाद देण्याची रीतही ओळखीची आहे. प्रत्येकाचे एकल वादन संपले की, धून सुरू असतानाच टाळी दिली जाते.

वाद्यवृंदाची बैठक वेगळी कशी?

मराठीत 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की गणेशोत्सवातला चित्रपटगीतांचा रंगमंच डोळ्यांसमोर येतो. इथे अर्थ वेगळा आहे. पूर्ण सिम्फनी वाद्यवृंदात साधारण ८० ते १०० वादक असतात, छोट्या चेंबर वाद्यवृंदात १५ ते ३०, तर तंतुवाद्यांच्या चौकडीत फक्त चौघे. इथे प्रत्येकाचा स्वर लिहिलेला असतो. त्यामुळे अशा बैठकीत सर्वाधिक फायदा होतो तो नव्या संगीतकाराचा.

आज अनेक तरुण घरच्या संगणकावर वाद्यवृंदाची रचना करतात. 'म्यूझस्कोअर'सारखे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. पण संगणकाला दम लागत नाही आणि त्याचा गजही संपत नाही. बासरीचा खालचा स्वर ट्रम्पेटच्या आवाजात बुडतो, हे संगणकावर लपून जाते आणि खोलीत लगेच कळते. म्हणूनच जगभर 'वाचन बैठका' होतात. संगीतकार कागद वाटतो, वादक पहिल्यांदाच पाहून वाजवतात आणि अडते तिथे थांबून बोलतात. अशी जागा मिळाली नाही, तर माणसांनी वाजवलेली स्वतःची रचना एकदाही न ऐकता संगीतकाराची वर्षे निघून जातात.

मुंबई परिसरात हे संगीत कसे रुजले?

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्यासोबत वाजवून आणि त्यांना ऐकून इथले वादक तयार झाले. त्यांत गोव्याचे संगीतकार मोठ्या संख्येने होते. तिथल्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, त्यामुळे पुढ्यात कागद आला की ते वाजवू शकत. बार्देसमधील अल्डोन्याचे अँतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवत. त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई.

दारूबंदीनंतर हॉटेलांतले काम आटले आणि यातले बरेच जण चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्या संगीतात, विशेषतः भगवानदादांच्या १९५१ मधील 'अलबेला'त, चिक चॉकलेट यांच्या संचाचा ठसा स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे आपले आजी-आजोबा ज्या गाण्यांवर ठेका धरत, त्यांत जॅझ होताच. त्याला कोणी त्या नावाने हाक मारली नाही, एवढेच.

जुन्या प्रयत्नांतून कोणता धडा मिळतो?

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. नाझी राजवटीच्या सावटामुळे युरोप सोडून आलेले संगीतकार वाल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत पोहोचले. आकाशवाणीची परिचित ओळखधून त्यांच्याच नावावर आहे. त्यांनी लगोलग 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' सुरू केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिचे वादन होई. मोजके वादक असत, त्यांत झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहताही होते. मे १९३७ पर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते.

दुसरे उदाहरण अँथनी गोन्साल्विस यांचे. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संयोजक प्यारेलाल यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातून त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. राग आणि पाश्चात्त्य स्वरसंगती एकत्र आणण्याचे त्यांचे स्वप्न होते. १९५८ मध्ये त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात ११० वादक बसले, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. सारंग रागावर आधारित कन्चेर्तोसारख्या रचना त्यांनी लिहिल्या. पण हा वाद्यवृंद फार काळ टिकला नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले.

गोन्साल्विस यांची प्रतिभा कुठेच कमी नव्हती. अडचण आकाराची होती. ११० जणांना पुन्हा पुन्हा एकत्र आणायचे तर पैसा, जागा आणि सगळ्यांची मोकळी वेळ एकाच दिवशी जुळावी लागते. चार-पाच जणांना दर गुरुवारी जमणे त्यामानाने सोपे असते आणि श्रोत्यालाही तो वार पाठ होतो.

मग ही परंपरा मागे का पडली?

कारण जागा एकेक करून गेल्या. पूर्वी गाण्याचे ध्वनिमुद्रण सगळ्या वादकांना एकत्र बसवून होत असे. स्टुडिओ हीच त्यांची रोजची भेटीची जागा होती. सिंथेसायझर आणि प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित करण्याचे तंत्र आल्यावर मोठ्या संचांची गरज संपत गेली. व्हायोलिनच्या अख्ख्या रांगेचे काम एक की-बोर्ड करू लागला. गणेशोत्सवाच्या रंगमंचावर ड्रमच्या जागी ऑक्टोपॅड आला.

श्रोत्यांच्या बाजूलाही तेच झाले. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' सुरू झाली. पहिल्याच यात्रेत सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांनी हजेरी लावली. तिचे घर होते धोबी तलावचे खुले रंगभवन. आजूबाजूला रुग्णालये आणि महाविद्यालय असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले सूर पुढे बंद झाले. २००६ मध्ये एनसीपीएत 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन झाला, ही मोठी जमेची बाजू. पण त्याचा पत्ता नरीमन पॉइंट आहे.

ठाणे-कल्याणच्या श्रोत्याची अडचण काय?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४ किलोमीटर, तर कल्याण सुमारे ५४ किलोमीटरवर आहे. संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे कचेरीतून थेट जाणे किंवा गर्दीच्या उलट दिशेने प्रवास करणे. उत्तरार्ध रंगू लागतो आणि डोंबिवलीचा श्रोता गाडीच्या वेळा आठवू लागतो. वादकाच्या खांद्यावर तर चेलो किंवा ड्रमचे सामानही असते. वर्षातून एकदा हे सारे जमते, दर आठवड्याला जमत नाही. आणि बैठक जगते ती दर आठवड्याच्या किंवा निदान दर महिन्याच्या भेटीवर.

इथला श्रोता ठरलेल्या वेळेला येतो, याचे पुरावे शहरातच आहेत. दिवाळी पहाटेला डोंबिवलीचा फडके रोड आणि ठाण्याचा राम मारुती रस्ता गर्दीने फुलतो. पं. राम मराठे यांच्या स्मृतीनिमित्त ठाण्यात संगीत समारोह होतो. १९२६ मध्ये स्थापन झालेला कल्याण गायन समाज देवगंधर्व महोत्सव भरवतो. जॅझने आणि वाद्यवृंदाने ही सवय उसनी घ्यायला हरकत नाही.

टेंभी नाक्यावर आवाजाच्या नियमांचे काय?

हा मुद्दा इथे टाळता येत नाही. सिव्हिल हॉस्पिटलची जागा, न्यायालय आणि शाळा याच परिसरात आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवती किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकाला आणि उघड्यावरच्या वादनाला बंदी असते. सभागृहासारख्या बंदिस्त जागेला, आवाज आतच राहणार असेल तर, सवलत आहे.

त्यामुळे चौकात मंडप घालून जॅझ महोत्सव करण्याची कल्पना इथे बसत नाही. लहान बैठक मात्र बसते. ५०-६० खुर्च्यांच्या खोलीत पियानो, डबल बास किंवा व्हायोलिनला ध्वनिवर्धक लागत नाही. ड्रमवर काठीऐवजी ब्रश वापरला तर तोही आटोक्यात राहतो. संध्याकाळी सहाला सुरू करून साडेआठला संपवले तर वेळेचा प्रश्नही उरत नाही. जागा आधी पाहून, खिडक्या बंद ठेवून शेजारच्या इमारतीत काय ऐकू येते, हे एकदा तपासणे मात्र गरजेचे.

परवानगी आणि हक्कांचे पैसे द्यावे लागतात का?

भारतात संगीतरचनेचा स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. बाख, मोझार्ट किंवा बीथोव्हेन वाजवायला कोणाची परवानगी लागत नाही. ड्यूक एलिंग्टन १९७४ मध्ये गेले. त्यांच्या एकट्याच्या रचना २०३४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. अशा रचना तिकीट लावून वाजवायच्या, तर हक्कधारकांचा किंवा त्यांच्या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. मात्र हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. सभागृहाचे भाडे सभासदांनी वाटून घ्यायचे आणि प्रवेश मोफत ठेवायचा, हा मार्ग त्यामुळे सुरुवातीला सर्वांत सोयीचा. बैठकीत स्वतःच्याच नव्या रचना वाजवणाऱ्या संगीतकारांना तर ही चिंताही फारशी नाही.

सुरुवात किती लहान असू शकते?

एक ठरलेला वार, एक बंदिस्त खोली, सुरात असलेला पियानो किंवा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आणि चार वादक. पूर्वार्धात माहितीच्या धुना, उत्तरार्धात एका स्थानिक संगीतकाराची १० मिनिटांची नवी रचना. त्यानंतर श्रोत्यांना प्रश्न विचारता यावेत. कोणता भाग पुन्हा ऐकावासा वाटतो, हे कळणे संगीतकाराला टाळ्यांपेक्षा उपयोगाचे असते.

वादक कुठून येणार? चर्चमधले गायनवृंद आणि व्हायोलिनवादक, शाळांची बँडपथके, लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवणारे, उत्सवी ऑर्केस्ट्रातले गिटारिस्ट हे सगळे याच पट्ट्यात राहतात. ते एकमेकांना भेटत नाहीत, कारण भेटण्याचे ठिकाण ठरलेले नाही. जागेसाठी विचारणा करता येईल अशी ठिकाणेही आहेत. टाउन हॉल, १८९३ पासून चालत आलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था, शाळांची सभागृहे, गायन समाजाची परंपरा असलेले कल्याण.

पहिल्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या राहतील, हे गृहीत धरावे. तरी पुढच्या महिन्यात त्याच वारी, त्याच वेळी दार उघडावे लागेल. श्रोत्याच्या वाट्याचे कामही तेवढेच साधे आहे. आवडले नाही तरी दुसऱ्यांदा जायचे आणि जाताना एखाद्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलीला सोबत न्यायचे.