कृत्रिम स्तन आणि कर्करोग

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें मध्यंतरीं विचारलें, “गुरुजी, काढलेल्या स्तनाच्या जागीं सिलिकोनची पिशवी बसविली, तर पुन्हां कर्करोग जडेल काय?” मी वैद्य नव्हे, परंतु प्रश्नाचा माग घेतला.

अशी पिशवी प्रथम १९६२ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन येथें बसविली गेली. पुढें सहस्रावधि स्त्रियांच्या दीर्घ पाहण्या झाल्या. त्यांत स्तनाचा कर्करोग पिशवीमुळें वाढल्याचें दिसलें नाहीं. धोका निघाला तो निराळाच. परक्या वस्तूभोंवतीं शरीर तंतूंचें वेष्टण विणतें. कांहीं स्त्रियांच्या या वेष्टणांत लिंफोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, आढळला. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०११ सालीं तसा इशारा दिला. दैवदुर्विलास असा कीं, हा रोग मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाच्या पिशव्यांभोंवतीं होतो. आणि तो खडबडीतपणा मुद्दाम आणलेला, पिशवी जागची हलूं नये म्हणून! ॲलर्गन कंपनीला २०१९ सालीं आपल्या अशा पिशव्या जगभरांतून परत घ्याव्या लागल्या.

रोग विरळा आहे. बहुधा आठदहा वर्षांनीं एका बाजूस सूज येते, वेष्टणांत पाणी सांचतें. वेळींच ओळखल्यास पिशवी व वेष्टण समूळ काढून बहुतेक रुग्ण बऱ्या होतात. त्रास नसतां पिशवी काढावी, असें तें खातें सांगत नाहीं.

विद्यार्थिनीस मी एवढेंच म्हटलें, “पिशवी गुळगुळीत कीं खडबडीत, हें शस्त्रवैद्यांना आधीं विचार, आणि तिच्या नांवाची चिठ्ठी जपून ठेव.”