नळदुर्गचं अशोकचक्र

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. बोरी नदीच्या वळणावरचा किल्ला, पाणीमहाल, पावसाळ्यात नर-मादी धबधबे. बहुतेकांचं नळदुर्ग इथेच संपतं. १३ सप्टेंबर १९४८ रोजी याच गावाजवळ एका हवालदाराने केलेल्या पराक्रमाला देशातल्या पहिल्या अशोकचक्रांपैकी एक मिळालं. एवढी मोठी गोष्ट धाराशिव जिल्ह्यातही फारशी कुणी सांगत नाही.

नळदुर्गच का?

त्या वेळी सोलापूर भारतात आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानावर मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या भारतीय फौजेची मुख्य चढाई सोलापूरहून निघणार होती. वाटेतली पहिली अडचण नळदुर्गच. तिथे फर्स्ट हैदराबाद इन्फन्ट्री ठाण मांडून होती आणि बोरीवरचा पूल तिच्या ताब्यात होता. ऐन पावसाळ्यात तो उडवला गेला असता, तर रणगाडे आणि ट्रक अलीकडेच खोळंबले असते. ही भीती पोकळ नव्हती. लातूरकडे निघालेली एक तुकडी दुसऱ्याच दिवशी नदीला पूर आल्याने अडकली.

७ ब्रिगेडने अचानक झडप घालून पूल शाबूत मिळवला. निजामाच्या सैन्याच्या मोर्चांवर चालून जायचं काम शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीकडे आलं.

हवालदार बचित्तरसिंग

बचित्तरसिंग याच पलटणीतले, पंजाबातल्या लोपों गावचे. पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या कंपनीला दोन गाड्या समोरून येताना दिसल्या. त्यांनी प्लाटूनला गोळीबाराचा हुकूम दिला. गाड्यांमधूनही गोळ्या सुटू लागल्या. तेव्हा बचित्तरसिंग माणसं घेऊन थेट गाड्यांवर धावून गेले आणि दोन्ही ताब्यात घेतल्या.

पुढे त्याच दिवशी पक्क्या मोर्चातल्या शत्रूने कंपनीची वाट रोखली. बचित्तरसिंग प्लाटून घेऊन पुढे सरकले. मोर्चा जेमतेम तीस यार्डांवर असताना लाइट मशीनगनच्या गोळ्या त्यांच्या मांडीत घुसल्या आणि ते कोसळले. चालणं शक्यच नव्हतं, म्हणून ते सरपटत पुढे गेले. दोन हातबॉम्ब फेकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. मागे हलवायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. तिथेच पडून ते आपल्या माणसांना हाका देत राहिले आणि तिथेच गेले.

रस्ता मोकळा झाला. रणगाड्यांची तुकडी सकाळी नऊला जळकोटला होती, तर पुढची फौज दुपारी सव्वातीनपर्यंत उमरग्यात पोचली.

युद्धाचं पदक का नाही?

समोर शत्रू असताना केलेल्या शौर्यासाठी परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही पदकं आहेत. ही पदकं २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली, म्हणजे तारखेची अडचण नव्हती. पण हैदराबादची मोहीम सरकारदरबारी ‘पोलीस कारवाई’ होती आणि निजामाचं सैन्य हे परक्या देशाचं सैन्य नव्हतं. म्हणून रणगाडे, तोफा, विमानं सगळं वापरलेल्या या कारवाईतलं शौर्य पदकांच्या दुसऱ्या ओळीत गेलं. शत्रूशी सामना नसताना केलेल्या शौर्यासाठीची ही पदकं ४ जानेवारी १९५२ रोजी स्थापन झाली. मशीनगनसमोर सरपटत जाणाऱ्या माणसासाठी ही वर्गवारी मला तरी कागदीच वाटते. मान मात्र कमी नाही. अशोकचक्र हे शांतताकाळातलं सर्वोच्च शौर्यपदक आहे.

सुरुवातीला त्याचं नाव ‘अशोकचक्र, वर्ग १’ असं होतं. १९६७ मध्ये वर्ग काढून टाकले गेले. पहिल्याचं नाव अशोकचक्र राहिलं, दुसरा वर्ग कीर्तिचक्र झाला आणि तिसरा शौर्यचक्र.

पदक कसं असतं?

गोल, सोन्याचा मुलामा दिलेलं. मधोमध अशोकचक्र आणि त्याभोवती कमळांची माळ. हिरव्या फितीचे नारिंगी उभ्या रेघेने दोन सारखे भाग केलेले. परमवीर चक्राप्रमाणे याचीही रचना सावित्रीबाई खानोलकरांची. त्या जन्माने स्वित्झर्लंडच्या, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झाल्या.

त्याच दिवशी, तुंगभद्रेवर

१३ सप्टेंबरलाच निजामाच्या राज्याच्या दक्षिण टोकाला गुरखा पलटणीचे नाईक नरबहादूर थापा तुंगभद्रेच्या रेल्वे पुलापाशी लढत होते. त्यांच्याही वाटेत मशीनगनच होती. उघड्यावरून धावत जाऊन त्यांनी ती चालवणाऱ्यांना कुकरीने गाठलं. त्यांनाही अशोकचक्र, वर्ग १ मिळालं. ते स्वतः पदक घ्यायला हयात होते. बचित्तरसिंगांचं मरणोत्तर होतं.